सायकलचंही पासिंग करायचं का? जरा नीट समजून घेऊया

सिग्नल तोडून एखादा सायकलवाला सटकला की मागे थांबलेल्या गाड्यांमधून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "यांना पण नंबर प्लेट लावा, मग कळेल." राँग साइडने आलेल्या सायकलला चुकवताना ज्याची गाडी घसरलीय त्याला तर हे शंभर टक्के पटतं, आणि त्याचा राग काही खोटा नाही. सोसायटीच्या ग्रुपवर, पेपरातल्या वाचकांच्या पत्रांत, कट्ट्यावर, दर काही महिन्यांनी हा विषय निघतोच, आणि दरवेळी वाद असा होतो की एकजण शिस्तीबद्दल बोलतोय, दुसरा टॅक्सबद्दल, तिसऱ्याची सायकल चोरीला गेलीय म्हणून तो चोरीवरच अडून बसलाय आणि चौथा विचारतोय की सायकलने मला उडवलं तर हॉस्पिटलचं बिल कोण भरणार, आणि चौघांनाही वाटतं आपण एकाच गोष्टीवर भांडतोय.

सगळा गोंधळ इथे आहे. सायकलची नोंदणी करा असं म्हणताना आपण तिच्याकडून चार वेगळी कामं मागतो. नियम मोडणारा सापडावा, रस्त्यासाठी पैसे यावेत, नुकसान झालं तर भरपाई मिळावी आणि चोरलेली सायकल मालकाला परत मिळावी. या चारही कामांना लागणारी यंत्रणा वेगळी, खर्च वेगळा, आणि खरं सांगायचं तर यातल्या एकाच कामाला नोंदणी बऱ्यापैकी उपयोगी पडते, बाकी तीन कामांसाठी ती एकतर जड पडते नाहीतर चालतच नाही. आता एकेक बघू.

त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण हे आपल्याकडे होऊन गेलंय. आज ज्यांचं वय सत्तरच्या पुढे आहे त्यांच्यासमोर नुसतं 'बिल्ला' म्हणा, लगेच बोलायला लागतील. नगरपालिका सायकलवर वर्षाला कर घ्यायची, तो भरला की पत्र्याचा नाहीतर पितळेचा छोटा बिल्ला मिळायचा, त्यावर गावाचं नाव, साल आणि नंबर ठोकलेला, कधी गोल, कधी षटकोनी, कधी ढालीसारखा, म्हणजे बिल्ला यंदाचा आहे का ते लांबूनच कळायचं. आमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत असा एक पितळी बिल्ला आहे, वरच्या बाजूला भोक आहे आणि भोकाची कड एकाच बाजूने झिजलीय कारण तो तारेने हँडलला बांधलेला असायचा आणि खड्ड्याखड्ड्यात हलत राहायचा, अक्षरं निम्मी पुसलीत, पण नंबर अजून नखाला लागतो. चौकात चेकिंग लागलं की बिल्ला नसलेली पोरं गल्लीबोळातून पळायची. रात्री दिवा नसला की दंड, डबल सीट सापडलात की दंड, आणि खिशात दंडाचे पैसे नसले तर चाकातली हवा सोडून देणार आणि तुम्ही सायकल हातात धरून घरापर्यंत चालत. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्यात तर वाहनं, नावा आणि जनावरं यांच्यावरचा कर एकाच कलमात आहे. पुढे एकेका गावाने आपापल्या वेळेला हा बिल्ला बंद करून टाकला. कर वर्षाला काही रुपयांचा, आणि त्यासाठी कारकून, रजिस्टरं, दरवर्षी नवे बिल्ले पाडून घेणं, चौकात माणसं उभी करणं, एवढा पसारा.

आता आजच्या कायद्यात सायकल कुठे बसते ते बघा. मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि तो यंत्राच्या ताकदीवर चालणाऱ्या वाहनांसाठी आहे. सायकल माणसाच्या पायांवर चालते म्हणून आरटीओचा तिच्याशी संबंधच येत नाही, लायसन्स नाही, पासिंग नाही, पीयूसी नाही, सक्तीचा विमाही नाही. याचा अर्थ सरकारला सायकलला हात लावता येत नाही असा मात्र नाही हं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत ५७ नंबरची नोंद आहे, त्यात रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांवर कर लावायचा अधिकार राज्यांना दिलाय आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की वाहन यंत्रावर चालणारं असो वा नसो. तेव्हा उद्या कुठल्या राज्याने मनावर घेतलं तर सायकलवर कर येऊ शकतो, कायदा आडवा येणार नाही. बघायचं एवढंच की त्यातून हातात काय पडेल.

सगळ्यात जास्त बोललं जातं ते शिस्तीबद्दल, म्हणून त्यावर जरा थांबतो.

नंबर प्लेट कशासाठी असते? लांबून वाचता यावी, कॅमेऱ्यात यावी, आणि त्या नंबरवरून माणूस सापडावा. दुचाकीच्या मागच्या एचएसआरपी, म्हणजे सक्तीच्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं माप २०० बाय १०० मिलिमीटर आहे. एवढी प्लेट सायकलला लावायची कुठे? मागच्या मडगार्डवर म्हणाल तर गिअरच्या बऱ्याच सायकलींना मडगार्डच नसतं. सीटखाली लावली तर कॅरिअरवरचे दुधाचे कॅन, पेपरचे गठ्ठे, इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं तिला झाकून टाकणार, आणि लहान मुलांच्या सायकलींवर तर ती चाकातच अडकेल. छोटी केली तर वाचता येणार नाही, मग लावून उपयोग काय. बरं, एचएसआरपीचा अनुभव महाराष्ट्राला अगदी ताजा आहे. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती बसवायला सांगितलं, दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी, आणि मुदत किती वेळा वाढवावी लागली ते सगळ्यांनी बघितलंय, लोक अपॉइंटमेंटसाठी मोबाईल घेऊन बसले होते. ज्या गाड्यांची आरसी आहे, ज्यांचा मालक आधीच कॉम्प्युटरमध्ये आहे, त्यांची ही गत. सायकलचा तर मालकच कुठे लिहिलेला नाही. दीड हजाराला घेतलेली जुनी सायकल, तिला पाचशेची प्लेट, आणि ती सायकल दोन वर्षांत भाच्याकडे जाणार, मग तो मोठा झाला की वॉचमनच्या पोराकडे, मग भंगारात. दर वेळी नाव ट्रान्सफर कोण करत बसणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या साधारण निम्म्या घरांत सायकल आहे असं दिसलं होतं. एवढ्या सायकलींचं रजिस्टर एकदा भरायला लागेल ते लागेल, पण ते खरं ठेवायला रोज माणसं लागतील, कारण पत्ता जुना झाला की त्या नंबरचा काही उपयोग नाही.

आणि समजा हे सगळं जमवलं, तरी प्लेट असल्याने माणूस सुधारतो का? प्लेट लावलेल्या गाड्यांचंच बघा. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली तीस हजारांवर हिट अँड रनमध्ये, म्हणजे धडक देऊन पळून गेलेल्या वाहनांमुळे, आणि अशा वाहनांत बहुतेक सगळी कायद्याने नंबर लावायला बांधलेली. त्याच अहवालात मेलेल्यांमध्ये पायी चालणारे जवळपास वीस टक्के आणि सायकलवाले साधारण तीन टक्के. हे तीन टक्के म्हणजे सायकलने मारलेले नाहीत, सायकलवर असताना मेलेले. रस्त्यावर कोण कोणाला भितं ते यात दिसतं, आणि नोंदणीच्या वादात ही गोष्ट कोणी काढतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग सायकलवाल्याने काहीही केलं तरी चालतं का? अजिबात नाही, आणि हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे वाहन चालवण्याबद्दल आहे, आधी हेच आयपीसीचं २७९ होतं, आणि त्यात 'कुठलंही वाहन' असं म्हटलंय, मोटारच असली पाहिजे असं नाही. सायकलच्या धडकेने कोणी दगावलं तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं कलम १०६ लागू शकतं. चौकात उभ्या हवालदाराला सिग्नल तोडणाऱ्या सायकलवाल्याला थांबवायला प्लेटची गरज नसते, हात आडवा केला तरी पुरतो, सायकलचा वेग तो किती. प्लेटची गरज लागते ती साठच्या स्पीडने निघून जाणाऱ्या गाडीला, जिला थांबवता येत नाही म्हणून तिचा नंबर टिपावा लागतो. फरक बघा केवढा आहे.

जपानने नेमकं हेच केलंय. तिथे १ एप्रिल २०२६ पासून सायकलवाल्यांना जागेवर दंडाची पावती द्यायचा कायदा लागू, वय १६ किंवा त्याहून जास्त पाहिजे एवढीच अट. सायकल चालवताना हातात फोन धरला तर १२ हजार येन, सिग्नल तोडला तर ६ हजार, राँग साइडला ६ हजार. ही पावती फाडायची ती थांबवलेल्या माणसाच्या नावावर, सायकलच्या मागे प्लेट लावा असं कुणी म्हटलेलं नाही. शिस्त पाहिजे असेल तर रस्ता हा आहे, चौकात माणूस उभा करा, सायकलवाल्याला थांबवा, पण मग त्याच चौकात झेब्रावर चढलेल्या बुलेटवाल्यालाही थांबवा.

सक्तीच्या नोंदणीचा एक धोका आहे आणि तो ज्यांनी करून बघितलं त्यांनीच लिहून ठेवलाय. कॅनडात टोरोंटोमध्ये १९३५ पासून सायकलला लायसन्स लागायचं, १९५७ मध्ये ते रद्द झालं. कारण काय दिलं? की यामुळे अगदी लहान मुलं नकळत कायदा मोडणारी ठरतात आणि पोरांचं पोलिसांशी असलेलं नातं बिघडतं. त्यानंतर त्या शहराने हा विषय पुन्हा पुन्हा तपासला आणि दरवेळी नको म्हटलं, ठेवायचा खर्च आणि मिळणारा फायदा यांचा मेळच बसेना. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात पर्थ अँबॉय नावाचं गाव आहे, तिथे २०२१ मध्ये सायकलवर फिरणाऱ्या काळ्या आणि लॅटिनो पोरांना पोलिसांनी अडवलं, सायकलला टॅग नाही म्हणून सायकली ताब्यात घेतल्या, एका पोराला हातकड्या घातल्या, त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. नियम कागदावर सगळ्यांसाठी होता, अडवलं कोणाला ते बघा. लॉस एंजेलिसने असाच नियम २००९ मध्ये काढून टाकला, आणि २०२३ पासून तर कॅलिफोर्नियात कुठल्याही गावाला सायकलची नोंदणी सक्तीची करताच येत नाही, राज्याने तसा कायदाच केलाय.

आपल्याकडे अडवला कोण जाईल याचा विचार करा. आठ लाखांची कार्बन फ्रेम घेऊन रविवारी पहाटे सिंहगडाकडे निघालेल्या माणसाला कोणी अडवणार नाही, आणि अडवलं तरी त्याच्या मोबाईलमध्ये सगळे कागद असतील. अडवला जाईल तो बांधकामावरून घरी चाललेला बिगारी, पहाटेचा पेपरवाला, मुंबईत सायकलवर चहाचा थर्मास घेऊन फिरणारा, कॅरिअरला डबे टांगून निघालेला डबेवाला. आणि गावाकडे शाळकरी मुली. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, कारण शाळा पाच किलोमीटरवर आहे आणि एसटीच्या वेळा जुळत नाहीत, सायकल नसली की आठवीनंतर शाळा सुटते. सरकार एका हाताने त्या पोरीला सायकल देणार आणि दुसऱ्या हाताने तालुक्याच्या गावी जाऊन नोंदणी करून आण म्हणणार? तिचा बाप एक दिवसाची मजुरी बुडवून लाइनीत उभा राहणार? हे मला कुठल्याही बाजूने पटत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो. "आम्ही रोड टॅक्स भरतो, सायकलवाले फुकट वापरतात" असं म्हणतात. पण शहरातले आतले रस्ते महापालिका बांधते, आणि महापालिकेकडे पैसा येतो तो मुख्यतः मिळकतकरातून आणि सरकारी अनुदानातून, तो सायकलवालाही भरतो, भाड्याच्या खोलीत राहत असला तरी भाड्यातून भरतोच. आणि रस्त्याची झीज. इंजिनिअर लोकांचा एक जुना हिशोब आहे, चाकांच्या आसावर पडणाऱ्या वजनाच्या चौथ्या घाताने रस्ता झिजतो, म्हणजे वजन दुप्पट झालं की झीज सोळापट. भरलेला डंपर आणि सायकल यांची तुलना या हिशोबाने करायला गेलात तर सायकलच्या वाट्याला झीज म्हणून काही उरतच नाही. सरकारलाही सायकल स्वस्त व्हावी असंच वाटत असावं, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आणला. एका बाजूला कर कमी करायचा आणि दुसऱ्या बाजूला नोंदणीची फी लावायची हे काही जुळत नाही.

नेदरलँड्सचं मात्र सांगायलाच हवं, कारण सायकलचा विषय निघाला की सगळे त्याच देशाचं नाव घेतात. तिथे १९२४ ते १९४१ सायकल टॅक्स होता, आणि आपल्यासारखाच धातूचा बिल्ला फ्रेमला लावायचा. मधल्या काळात मंदी आली, लोकांची कामं गेली, तेव्हा बेकार माणसांना बिल्ला फुकट मिळायला लागला, पण त्या बिल्ल्याला मध्ये भोक पाडलेलं असायचं. म्हणजे रस्त्याने चाललेल्या माणसाकडे नुसतं बघून कळणार की याला काम नाही. कर वसूल करायची सोय म्हणून कोणीतरी ऑफिसात बसून ही युक्ती काढली असेल, पण ते भोक घेऊन गावातून सायकल चालवणं कसं वाटत असेल त्या माणसाला. आज त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत आणि एकाही साध्या सायकलला नंबर प्लेट नाही.

भरपाईचा मुद्दा मला टॅक्सपेक्षा जास्त खरा वाटतो. मोटारगाडीने उडवलं तर थर्ड पार्टी विमा असतो, अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण असतं. सायकलने एखाद्या आजीला पाडलं आणि खुब्याचं हाड मोडलं तर दिवाणी कोर्टात जाण्याशिवाय हातात काही नाही, आणि सायकलवाल्याकडे पैसे नसले तर कोर्टातूनही काही मिळत नाही. हे भोक आपल्याकडे आहे, मान्य. स्वित्झर्लंडने ते नोंदणीने बुजवायचा प्रयत्न केला होता. तिथे दरवर्षी सायकलला एक छोटं स्टिकर लावायला लागायचं, व्हिनेट म्हणायचे त्याला, आणि त्या स्टिकरच्या किमतीतच विमा असायचा. २०१२ पासून त्यांनी ते बंद केलं, कारण बहुतेक घरांत असं नुकसान भरून देणारा खासगी विमा आधीच होता आणि स्टिकर छापून वाटायचा खर्च फुकट जात होता. आपल्याकडे तसा घरगुती विमा जवळपास कोणी घेत नाही. तरी त्यावर उपाय म्हणून प्लेट लावणं हे उलटं काम होईल. ज्या कंपन्या सायकलवर डिलिव्हरी करून घेतात त्यांच्यावर विम्याची सक्ती आधी करावी, कारण घाईत धावणारी ही डिलिव्हरीची पोरंच असतात आणि त्यांना घाई करायला लावणारा पैसेवाला असतो.

आता चोरी. इथे मात्र नोंदणीचा खरा उपयोग आहे, फक्त ती कशी करायची ते बघायला हवं.

जपानमध्ये १९९४ पासून सायकलची चोरीविरोधी नोंदणी कायद्याने करावीच लागते. सायकल घेतली की दुकानदारच फॉर्म भरून देतो, नाव, पत्ता, फोन, फ्रेमचा नंबर, पाच-सहाशे येन फी, आणि एक छोटं स्टिकर फ्रेमला चिकटवून देतो. बस, झालं. सरकारी ऑफिसात जावं लागत नाही, प्लेट नाही, दरवर्षीचं रिन्यूअल नाही, आणि नोंदणी केली नाही म्हणून शिक्षाही नाही. टोकियोत निशी-कासाईला भारतीय बरेच आहेत, मराठी घरंही आहेत, तिथे माझा एक मित्र राहतो. त्याने भारतात परत निघालेल्या एका ओळखीच्या माणसाची पुढे-मागे मुलांच्या सीट लावलेली सायकल घेतली, कागद काही घेतला नाही, आणि रात्री स्टेशनवरून घरी येताना पोलिसाने थांबवलं, टॉर्च मारून स्टिकरचा नंबर वाचला, वायरलेसवर विचारलं, नाव निघालं दुसऱ्याचंच. पोलीस अदबीने बोलत होता, पण आधीच्या मालकाला फोन लावून खात्री होईपर्यंत अर्धा तास रस्त्यात उभं राहावं लागलं. ही व्यवस्था चालते ती अशी, आणि तरीसुद्धा तिथे वर्षाला लाखाच्या वर सायकली चोरीला जातातच, बऱ्याचदा कुलूपच लावलेलं नसतं. स्टिकरने चोरी थांबत नाही, सापडलेली सायकल कोणाची ते कळतं.

फ्रान्सनेही २०२१ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या सायकलवर ओळख नंबर घालायची सक्ती केली. ही सक्ती दुकानदारावर आहे हं, सायकल चालवणाऱ्याला नंबर नाही म्हणून कोणी चौकात पकडत नाही. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं हेच वाटतं.

आपल्याकडे नंबर तर आधीच असतो! सायकल उलटी करा, सीट आणि हँडलवर उभी, आणि पायडलचा आस जिथून जातो त्या जाड नळकांड्याच्या खालच्या बाजूला बघा, चिखल आणि ग्रीसचा थर साचलेला असतो, तो रॉकेलच्या फडक्याने पुसला की ठोकलेले आकडे दिसतात. काही सायकलींना तो सीटखालच्या दांडीवर नाहीतर हँडलखालच्या नळीवर असतो. आकडे सरळ नसतात, एखादा अर्धाच उमटलेला असतो, ३ आहे की ८ ते बोट फिरवून बघावं लागतं. तोच त्या सायकलचा फ्रेम नंबर. पण बिलावर काय असतं? "सायकल, २६ इंच, काळी, नग १." आमच्या शेजारच्या पोराची सायकल पार्किंगमधून गेली, दोन महिन्यांनी चौकीच्या मागे पकडलेल्या सायकलींची रांग होती त्यात तशीच एक दिसली, त्याच्या चेनकव्हरला पोचा होता तो पोचा पण तिथेच. बिल दाखवलं. बिलावर नंबर नव्हता, दुकानदाराने लिहिलाच नव्हता, आणि काळ्या २६ इंची सायकली त्या रांगेतच सहा-सात होत्या. पोलीस म्हणाले ही तुझीच कशावरून, आणि त्यांचंही चूक नव्हतं, उद्या दुसरा कोणी तसंच बिल घेऊन आला तर ते काय सांगणार. ते पोरगं रोज क्लासला जाताना त्या चौकीवरून जायचं. शेवटी अशा बेवारस वाहनांचा लिलाव होतो तसा तिचाही झाला.

म्हणून दुकानदाराने बिलावर फ्रेम नंबर लिहिलाच पाहिजे एवढा एक नियम केला तरी निम्मं काम होतं, आणि त्याचा खर्च पेनातल्या शाईएवढा. त्याच्यापुढे एक पाऊल म्हणजे पोलिसांनी राज्यभरासाठी एक साधं रजिस्टर ठेवावं, फ्रेम नंबर आणि मोबाईल नंबर, फुकट, ज्याला वाटेल त्याने करावं, नाही केलं तर दंड नाही, सायकल विकली की मोबाईल नंबर बदलला की झालं. चौकीत सायकल आली की हवालदाराने नंबर टाकून बघायचा. यात कोणाला चौकात अडवायची गरज नाही, मुलीच्या बापाची मजुरी बुडत नाही, आणि ज्याची सायकल महागाची आहे तो स्वतःहून करेल.

एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते प्लेटचा खरा वाद तिथे व्हायला हवा, ती म्हणजे बॅटरीवाल्या गाड्या. नियम असा आहे की मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर ते मोटार वाहन धरत नाहीत, फक्त मॉडेल तपासणी संस्थेकडून पास झालेलं पाहिजे. म्हणून दुकानात सांगतात "लायसन्स नको, पासिंग नको, पोराला बिनधास्त द्या." आणि मग त्याच गाडीचा वेग अडवणारा लिमिटर काढून देतात, वायर बदलतात, मोठी मोटर बसवतात, ती गाडी चाळीस-पन्नासने पळते, आवाज नाही, प्लेट नाही, विमा नाही, चालवणारा कधी तेरा वर्षांचा तर कधी दिवसाला अमुक डिलिव्हरी पूर्ण करायच्या म्हणून जीव मुठीत घेऊन चाललेला. पायाने चालवायच्या सायकलची आणि हिची गल्लत करू नका. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने अशा बदललेल्या गाड्यांवर कारवाई केली होती, आणि ती बरोबर होती, कारण २५ च्या पुढे पळणारी गाडी कायद्याने मोटार वाहनच आहे, तिला आजचाच नियम लागू आहे, नवीन काही करायची गरज नाही. चीनमध्येही वीजेच्या सायकलींसाठी २०१९ पासून वेगाची आणि वजनाची नवी मर्यादा आली, आणि तिथल्या शहरांत त्यांना प्लेट लावावी लागते. फुटपाथवरून सुळकन गेलेली ती गाडी बघून लोक चिडतात आणि म्हणतात सायकलवाल्यांना प्लेट लावा, आणि त्या चिडण्याची किंमत पेपरवाल्याने मोजायची.

जाता जाता, हे वाचून सायकल उलटी करणार असाल तर नंबरचा फोटो काढताना बाजूचा रंग आणि एखादा ओरखडाही फोटोत येऊ द्या, नुसत्या आकड्यांचा फोटो कुठल्याही सायकलचा असू शकतो. तो फोटो स्वतःलाच मेल करून ठेवा, कारण फोन बदलला की फोटो जातात. सेकंडहँड घेत असाल तर आधी नळकांड्याखाली बोट फिरवा, आकडे घासून काढलेले लागले, किंवा तेवढ्याच जागेवर ताजा रंग दिसला, तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आणि घेतलीत तर साध्या कागदावर दोघांच्या सह्या, तारीख, रक्कम आणि फ्रेम नंबर एवढं लिहून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.